वाचताना पेन खाली ठेवा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नव्यानं लिहिणाऱ्याला आपल्याकडे सल्ला एकच मिळतो : भरपूर वाचा. संमेलनाच्या मांडवात तोच, पुरवणीत तोच, कविता तपासून देणाऱ्या गुरुजींचाही तोच. भरपूर म्हणजे किती, कधी आणि कसं, हे कोणी सांगत नाही. या अर्धवट सल्ल्यामुळे खेड्यातल्या लिहित्या माणसाचं एरवी विसाव्याचं असलेलं वाचन परीक्षेचं होऊन बसतं. पुस्तक उघडलं की ‘आपल्याला असं कधी जमायचं’ ही धास्ती, आणि मिटलं की लिहिता हात आखडलेला. गावच्या वाचनालयाची देवघेव सांभाळताना आणि नवलेखकांची हस्तलिखितं वाचताना हे दुखणं आम्हाला सारखं भेटतं. त्याचे उपाय साधे आहेत, पण तपशिलात सांगावे लागतात. म्हणून पत्र लांबलं तरी छापावं ही विनंती.

पहिली गोष्ट पेनाची. लिहिणारा माणूस वाचायला बसला की हातात पेन आणि मांडीवर वही. चांगलं वाक्य दिसलं की उतरवून घेतो. दहा पानांत सहा वाक्यं उतरवली की गोष्टीचा धागा सुटतो. मजा तर जातेच, पण शिकण्यासारखं जे होतं तेही निसटतं, कारण कथेतलं एखादं वाक्य भारी वाटतं ते मागच्या चाळीस साध्या वाक्यांच्या बळावर. ते एकटं उपटून वहीत लावलं की सुकतं. पुढचा धोका याहून मोठा आहे. सहा महिन्यांनी ती वही चाळताना कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं दुसऱ्याचं हे खुद्द लिहिणाऱ्याला सांगता येत नाही. मग ते आपल्या कथेत शिरतं आणि नकळत चोरी घडते. आमच्यापुढे येणाऱ्या हस्तलिखितांतल्या उसन्या वाक्यांपैकी बहुतेक मुद्दाम ढापलेली नसतात, या वहीच्या वाटेनं आलेली असतात.

म्हणून पहिलं वाचन पेनाशिवाय. उताऱ्यांची वही ठेवायचीच असेल तर ती आपल्या टिपणांच्या वहीपासून वेगळी, शाई वेगळी आणि प्रत्येक उताऱ्याला अवतरणचिन्ह, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक. पान क्रमांक नसलेला उतारा त्याच दिवशी खोडून टाकावा. (वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं रेघा मारणाऱ्यांबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल.)

शिकण्यासाठी वाचायचं ते दुसऱ्या वेळी, आणि तेही सगळ्याच पुस्तकांचं नव्हे. चारातलं एक पुरे. बाकीची तीन नुसती मजेसाठी, त्यांच्याकडून काही वसूल करायचं नाही. दुसरं वाचन असं करावं. कथा वाचून झाली की पुस्तक मिटून तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. मग पुस्तक न उघडता, आठवतं तेवढं एका फुलस्केप पानावर लिहावं : कोणता प्रसंग, कोणाचं बोलणं, कोणती वस्तू. जे आठवलं ते लेखकानं कमावलेलं. आता पुस्तक उघडून तेवढ्याच जागा पाहाव्यात. प्रसंग किती परिच्छेदांचा आहे, त्यात बोलणं किती आणि वर्णन किती, पात्राचं नाव पहिल्यांदा कोणत्या वाक्यात येतं, काळ कुठे उडी मारतो आणि ती उडी कोणत्या शब्दानं सांभाळली आहे, हे मोजावं. मोजायचं म्हणजे खरोखर बोटं ठेवून मोजायचं. आठवणीत दोन पानांचा वाटलेला प्रसंग पुस्तकात अकरा ओळींचा निघतो, तेव्हा जे कळतं ते कार्यशाळेत कळत नाही. बारा पानांच्या कथेला या कामी तासभर लागतो. कादंबरीचं एकच प्रकरण घ्यावं. अख्ख्या कादंबरीचं असं करायला गेलं की दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, आणि आवडतं पुस्तकही नावडतं होतं.

आता तुलनेची धास्ती. छापलेलं पुस्तक आणि आपली वही शेजारी ठेवून जो माणूस खचतो तो दोन वेगळ्या अवस्थांची तुलना करत असतो. छापील पान हातात येण्याआधी लेखकानं ते अनेकदा पुन्हा लिहिलेलं असतं, संपादकानं कापलेलं असतं, दोन-तीन मुद्रितं तपासून झालेली असतात. आपलं पान पहिल्याच हाताचं. यावर एक प्रयोग सांगतो. आवडत्या पुस्तकाचं एक पान स्वतःच्या अक्षरात फुलस्केपवर उतरवा. आपलंही एक पान तसंच ठेवा. छपाईचा आब गेला की दोन्ही पानं माणसानं लिहिलेली दिसू लागतात, आणि फरक कुठे आहे तो नेमका बोट ठेवून दाखवता येतो : त्याची वाक्यं सात-आठ शब्दांची, आपली बावीस, त्याच्याकडे विशेषणं तीन, आपल्याकडे चौदा. उलटाही प्रयोग करावा. आपलं पान संगणकावर १२ किंवा १३ पॉइंटच्या टायपात, पुस्तकाएवढ्याच ओळीच्या रुंदीत छापून घ्यावं. एका पानाचे पाच-दहा रुपये जातील, पण वहीत लपलेल्या चुका वर येतात. तीनदा आलेला ‘जणू’ अक्षरात दिसत नाही, टायपात लगेच टोचतो.

काही जणांचा उलट पवित्रा असतो. कादंबरी लिहायला घेतली की वाचन पूर्ण बंद, छाप पडू नये म्हणून. भीती खोटी नाही. ज्याचं वाचावं त्याच्या वाक्याचा ठेका आठवडाभर कानात राहतो. पण वाचन बंद केलं म्हणून कान रिकामा राहत नाही. त्यात व्हॉट्सॲपवरचे सुविचार, मालिकांतले संवाद आणि बातम्यांची भाषा शिरते. अशी हस्तलिखितं ओळखू येतात. पात्रं एकमेकांशी पत्रकार परिषदेत बोलल्यासारखी बोलतात. बंदीपेक्षा पालट बरा. कादंबरी लिहिता तेव्हा कविता वाचा, प्रवासवर्णन वाचा, पक्ष्यांवरचं, मातीवरचं, कायद्यावरचं वाचा. कविता लिहिता तेव्हा गद्य वाचा. टाळायचं एवढंच : जो विषय आपण लिहीत आहोत तोच विषय, तोच प्रदेश, तोच निवेदनाचा प्रकार. कापूस उत्पादकाच्या घराची कादंबरी लिहिणाऱ्यानं त्या चार-सहा महिन्यांत दुसऱ्याची तसलीच कादंबरी बाजूला ठेवावी. पुढे वाचता येते, पुस्तक कुठे पळून जात नाही.

छाप पडली की नाही हे तपासायची रीतही सोपी आहे. आपलं पान घरातल्या कोणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवावं आणि जे शब्द आपण जन्मात कधी बोललो नाही त्यांच्याखाली रेघ ओढावी. कातर, गहिरं, हळवं, निःशब्द, कवडसा. एका पानावर तीनपेक्षा जास्त रेघा आल्या तर ते पान दुसऱ्या कोणाच्या कानानं लिहिलेलं आहे. आमच्याकडच्या निम्म्या कवितांत कातरवेळ येते. त्या वेळी कवी गोठ्यात धार काढत असतो, आणि त्या धारेबद्दल कवितेत चकार शब्द नसतो.

इथून बोलीच्या प्रश्नाकडे यावं लागतं, कारण विदर्भातल्या लिहिणाऱ्याची निम्मी धास्ती भाषेची आहे. प्रमाण मराठीतली पुस्तकं वाचून ‘आपली वऱ्हाडी पुस्तकात शोभत नाही’ असं त्याला वाटतं. मग निवेदन अलंकारिक होतं आणि पात्रं पुण्याची होतात. तिकडे पूर्व विदर्भात, झाडीपट्टीतल्या लिहिणाऱ्याचंही तेच. न शोभण्याचं कारण नाही. आमच्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र हा चक्रधरस्वामींच्या आठवणींचा ग्रंथ सिद्ध केला, तो स्वामींना ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं अशा माणसांना विचारून, त्यांच्या तोंडच्या मराठीत. मराठी गद्याचा तो पाया मानला जातो, आणि आता त्याच गावी मराठी भाषेचं विद्यापीठ आलं आहे. लेखनाच्या नियमांचा बाऊही नको. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम, १९७२ मध्ये चार वाढून अठरा झाले. पात्राच्या तोंडी बोली घालायला त्यांची आडकाठी नाही.

अडचण वेगळीच आहे, ती एकसारखेपणाची. पहिल्या पानावर ‘रायला’, तिसऱ्यावर ‘राह्यला’, सातव्यावर ‘राहिला’. एकदा ‘शाया’, एकदा ‘शाळा’. ‘मले’ म्हणणारी म्हातारी दोन पानांनी ‘मला’ म्हणते. वाचकाला वाटतं लेखकाला बोली येत नाही. खरं तर तो मधल्या दिवसांत प्रमाण भाषेतली एखादी कादंबरी वाचत असतो आणि तिचा हात लागतो. उपाय : वहीच्या शेवटच्या पानावर तीस-चाळीस शब्दांची यादी. मले-तुले, काहून, कायले, रायला, पाह्यलं, डोये, पानी. प्रत्येक शब्दाचं एकच रूप ठरवायचं आणि प्रत्येक पात्रापुढे खूण करायची, हे पात्र ‘डोये’ म्हणतं की ‘डोळे’. शिकलेली सून आणि न शिकलेली सासू एकाच घरात वेगळं बोलतात, ते यादीत आधीच दिसलं पाहिजे. निवेदन बोलीत ठेवायचं की प्रमाणात, हेही पहिल्या पाच पानांत ठरवावं. मध्येच बदललं तर मागचं सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि ते बहुतेकांकडून होत नाही.

वेळेचा हिशेब मांडून पाहिला तर बरीच धास्ती आपोआप उतरते. साध्या आकाराच्या छापील पानावर २५० ते ३०० शब्द बसतात. सवयीचा वाचक ललित पुस्तक ताशी २५ ते ३० पानं वाचतो. रात्री अर्धा तास मिळाला तर १२ ते १५ पानं. म्हणजे २०० पानांच्या कादंबरीला पंधरवडा लागतो. अनेक वाचनालयं पुस्तक सातव्या दिवशी परत मागतात. अर्धं वाचून परत करणाऱ्याला वाटतं आपलंच वाचन कमी पडतं. ग्रंथालय समित्यांनी मुदत पंधरा दिवसांची करावी आणि मागणी नसेल तर आणखी पंधरा दिवस वाढवून द्यावी. पुस्तक आवडलं नाही म्हणून पन्नासाव्या पानावर सोडलं तर त्याबद्दल जाब विचारू नये. सोडलेलं पुस्तक तीन वर्षांनी आवडतं, असंही होतं.

लिहिण्याचा हिशेब याहून लहान. अर्ध्या तासात १५० ते २०० शब्द. ४,००० शब्दांची कथा रोजच्या बैठकीनं महिन्याभरात होते, फुलस्केपच्या एका बाजूनं लिहिली तर सतरा-अठरा पानं. क्रम मात्र पाळावा : लिहिणं पहाटे, वाचणं रात्री. वाचून उठून लगेच लिहायला बसलं की वाचलेल्याचा सूर पहिल्या दोन पानांत उतरतो. मध्ये झोप पडली की सूर निवळतो आणि गोष्ट तेवढी उरते. ज्यांना पहाटे दूध, सडा, डबे आहेत त्यांनी उलट करावं, पण त्या दोन कामांमध्ये चार-सहा तासांचं अंतर ठेवावं. बायकांच्या बाबतीत तेवढं अंतर मिळत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत, चार लिहायचे आणि तीन वाचायचे.

रोजची बैठक बारमाही चालत नाही, तेही मान्य करून टाकावं. जूनमध्ये पेरणी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन, पुढे कापसाची वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड. शेतीची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात हरभऱ्याला ओलीत करणाऱ्यानं कादंबरी वावरात नेऊ नये. दर थोड्या वेळानं पाणी वळवायला उठावं लागतं, मोबाइलच्या उजेडावर किडे येतात आणि तेच पान चारदा वाचलं जातं. त्या दिवसांत कविता, लघुनिबंध, पत्रं, दीड-दोन पानांत संपणारं काहीही. जाड पुस्तकं चैत्र-वैशाखासाठी राखून ठेवावीत. वाचन प्रेरणा दिन दर वर्षी १५ ऑक्टोबरला असतो, डॉ. कलामांच्या जयंतीला. जयंतीची तारीख बदलता येत नाही हे खरं, पण त्या दिवशी विदर्भातला बराचसा वाचक सोयाबीनच्या गंजीजवळ असतो.

हंगामामुळे लेखन थांबलं की अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही, उलट त्याचा उपयोग करता येतो. संत्र्याच्या झाडाला बहार धरण्याआधी ताण देतात, पाणी तोडतात : हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पहिला खर्डा पूर्ण झाला की त्यालाही तसाच ताण द्यावा. वही पेटीत टाकावी, तीन-चार आठवडे उघडू नये, आणि त्या दिवसांत फक्त मजेसाठी वाचावं, तेही लेखनाशी संबंध नसलेलं. परत वही उघडली की कुठे पाल्हाळ आहे ते परक्याच्या नजरेनं दिसतं. कवितेला आठवडा-दोन आठवडे पुरतात. पण ताण मोजून द्यायचा असतो. जास्त झाला तर झाडाची पानं गळून फांद्यांवर सल येते, म्हणजे त्या वाळतात, आणि पेटीत वर्षभर राहिलेल्या खर्ड्याचंही तसंच होतं. लिहिणाऱ्याला त्यातली माणसं ओळखू येत नाहीत. म्हणून वही ठेवतानाच वर तारीख टाकावी, काढायची.

‘अजून थोडं वाचतो, मग लिहितो’ हे दुखणं विशेषतः इतिहासावर किंवा गावाच्या माहितीवर लिहिणाऱ्यांचं. त्यांनी दहा प्रश्न कागदावर लिहावेत. सातांची उत्तरं मिळाली की लिहायला बसावं, उरलेल्या तीन जागी चौकट काढून जागा मोकळी ठेवावी. प्रश्न लिहिलेच नाहीत तर वाचन कधीच संपत नाही.

संमेलनात घेतलेल्या पुस्तकांचंही ओझं होतं. २०१९ ला यवतमाळ आणि २०२३ ला वर्धा, अशी दोन अखिल भारतीय संमेलनं चार-साडेचार वर्षांत विदर्भात झाली. तिथून आणलेला ढीग कर्जासारखा डोळ्यांपुढे ठेवू नये. दोन पुस्तकं उशाशी, बाकीची कपाटात.

साहित्य पाठवण्याबद्दल थोडकं. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करावा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसतात. लेखक समजतो नाकारलं, आणि तिकडे कोणी वाचलेलंच नसतं. दिवाळी अंकांचं साहित्य पावसाळ्यातच गोळा होतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. आणि ज्या अंकानं कथा घेतली नाही तो अंक त्याच आठवड्यात वाचायला घेऊ नये. प्रत्येक कथा आपल्या कथेपेक्षा वाईट वाटेल आणि अंकाचे पैसे वाया जातील.

आता आपल्याकडे मागणं. पुरवणीत नवलेखकांचं साहित्य मागवताना तीन गोष्टी छापाव्यात : शब्दमर्यादा, बोलीतलं निवेदन चालतं की फक्त संवाद, आणि किती दिवसांत कळवलं नाही तर साहित्य दुसरीकडे पाठवायला लेखक मोकळा. तिसरी ओळ सगळ्यात गरजेची आहे. ती नसल्यामुळे माणसं सहा-सहा महिने एकाच कथेवर अडकून बसतात, नवं लिहीत नाहीत आणि त्या काळात हातात घेतलेलं प्रत्येक पुस्तक ‘माझी कथा का नाही’ याच प्रश्नासाठी वाचतात. पुस्तक परिचयात पानसंख्या आणि किंमत असतेच. निवेदन बोलीत आहे की प्रमाणात, ही एक ओळ वाढवली तर आमच्या देवघेवीच्या टेबलावरचे निम्मे प्रश्न कमी होतील.

आपले,
ग्रामीण वाचनालयातील काही कार्यकर्ते,
ता. मोर्शी, जि. अमरावती